पाचोळा राहू दे

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली ती २०१५ च्या मार्चमध्ये. पहिले चार दिवस तिला रात्री तीनलाच टक्क जाग यायची आणि ती पलंगावर बसून जप करत उजाडायची वाट पाहायची. पाचव्या दिवशी मला जाग आली ती मागच्या अंगणातल्या खर्र खर्र आवाजानं. खिडकीतून पाहिलं तर आईनं पदर खोचलेला, साडीवर माझं जाड जॅकेट, डोक्याला रुमाल आणि हातात गॅरेजमधलं लोखंडी दाताळं. तीन मोठ्या झाडांखाली वर्षानुवर्षं साठलेला पाचोळा ती ओढून काढत होती. माझी चाहूल लागली तशी वळून म्हणाली, "अगं, किती दिवसांत झाडलं नाहीस इथं? लक्ष्मी यायची कुठून अशा घरात?"

मला त्या आवाजानं भरून आलं होतं. चिपळूणला आमच्या घरी रोज पहाट व्हायची ती खराट्याच्याच आवाजानं. आधी खराटा, मग सडा, मग चुलीवर पाणी. घर सोडून चौदा वर्षं झाली होती आणि तो आवाज मी विसरूनही गेले होते. मी चहा टाकला आणि दोघींनी मिळून पुढच्या तीन आठवड्यांत ते अंगण लख्ख केलं. पानांचा हिरवा डबा दर आठवड्याला काठोकाठ भरून रस्त्यावर जायचा. ढिगाखालून काळी, भुसभुशीत, ओलसर माती निघाली. ती मुठीत घेऊन आई म्हणाली, "सोन्यासारखी माती, आणि झाकून ठेवली होतीत." सहा महिन्यांनी ती परत गेली. त्याच सुमारास मी तिथं हिरवळ लावली आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं उडणारे पाण्याचे फवारे बसवून घेतले.

ती तिन्ही झाडं अ‍ॅव्होकाडोची. आपण त्यांचं काय करून बसलो, ते कळायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही राहतो एस्कॉन्डिडोला, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीच्या उत्तर भागात. इथल्या टेकड्यांवर एके काळी नजर जाईल तिथवर अ‍ॅव्होकाडोच होता. अर्ध्या तासावरचं फॉलब्रुक तर स्वतःला अ‍ॅव्होकाडोची जागतिक राजधानी म्हणवतं आणि दर वसंतात त्याची जत्रा भरवतं. पण पाणी महागलं, बागा मोडल्या, टेकड्यांचे तुकडे पाडून घरं झाली. पाण्याची कपात झाली त्या वर्षांत बागायतदारांनी झाडं कमरेएवढी छाटून बुंध्यांना पांढरा रंग फासला होता. पाणी नाही तर निदान जीव तरी राहावा म्हणून. हमरस्त्यावरून जाताना उतारावर ओळीनं उभे ते पांढरे खुंट दिसायचे. आमचं घरही अशाच एका मोडलेल्या बागेच्या तुकड्यावर उभं आहे. दोन झाडं हास जातीची, एक फुएर्ते.

झाडं लावण्या-जगवण्यातलं मला कळतं, असा माझा समज होता. अण्णांची आंब्याची कलमं होती. कोय कलम, पाचर कलम, काडी कशी निवडायची, कुठल्या महिन्यात बांधायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. दिवाळीनंतर कलमांखालचं रान बेणून झाडं मोकळी करायची, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची शिस्त. झाडाखाली केर दिसला की अण्णांना चैन पडायचं नाही. तीच शिस्त मी इथं लावली. फळझाड म्हणजे फळझाड, आंब्याला जे मानवतं ते याला का मानवू नये?

२०१७ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या हासची पानं लहान यायला लागली. रंग फिका, पिवळटसर. भर सकाळीही पानं मान टाकल्यासारखी लोंबायची. शेंड्याच्या काड्या उघड्या पडल्या. पण मोहोर असा आला होता की पान दिसू नये, आणि फळंही लागली होती भरघोस, फक्त सुपारीपेक्षा जरा मोठी होऊन तिथंच थांबलेली. मला वाटलं, झाड तहानलंय. मी फवाऱ्यांची वेळ दहा मिनिटांवरून वीस केली.

कुंपणापलीकडे एक आजोबा राहतात. मेक्सिकोतल्या मिचोआकानचे. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या बागांमध्ये फळं उतरवली, छाटण्या केल्या. जगातला सगळ्यात जास्त अ‍ॅव्होकाडो त्यांच्या मुलखात पिकतो, आणि त्याला ते अ‍ॅव्होकाडो म्हणतच नाहीत, 'अग्वाकाते' म्हणतात. तो शब्द आला नाहुआत्ल भाषेतल्या 'आवाकात्ल'वरून. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं स्पॅनिश त्याहून बेताचं. पण त्या दिवशी ते फाटक उघडून आत आले, झाडाखाली गुडघे टेकून बसले आणि हिरवळीचा एक तुकडा हातानंच उपटला. खाली माती गार, चिकट, चिखलासारखी. तीत बोटं घालून त्यांनी चार-दोन बारीक मुळ्या काढल्या. काळ्या. दोन बोटांत धरल्या तशा जळक्या काडीसारख्या मोडल्या.

मग मला हातानं खूण करून ते स्वतःच्या अंगणात घेऊन गेले. त्यांच्या झाडाखाली पाचोळा इतका की पाय घोट्यापर्यंत रुतला. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. त्यांनी ती हलकेच बाजूला केली. खालची पानं ओली, तपकिरी, एकमेकांना चिकटलेली. त्याच्याही खाली पानांच्या फक्त शिरा उरलेल्या, जाळीसारख्या. आणि त्या जाळीतून सगळीकडे पसरलेली पांढरीशुभ्र मुळं. शेवया पसराव्यात तशी. मातीत नव्हे, पाचोळ्यात. झाड खालून वर येऊन स्वतःचीच गळलेली पानं खात होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला, "कोबीहा." मला कळेना. तेव्हा त्यांनी खांद्यावरून काहीतरी ओढून अंगाभोवती लपेटून घेतल्याचा अभिनय केला. पांघरूण.

मी घरी आले आणि कितीतरी वेळ त्या हिरवळीकडे पाहत बसले.

पुढचे काही महिने मी या झाडाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. अ‍ॅव्होकाडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगरउतारांवरच्या रानातला. तिथं वर्षभर पानं पडतात, कुजतात, जमीन स्पंजसारखी राहते आणि पाणी थांबत नाही. म्हणून या झाडानं मुळं खोल धाडलीच नाहीत. अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या वीतभर थरातच असतात. इतर झाडांच्या मुळांना पाणी ओढायला बारीक केसांसारखे तंतू असतात, याच्या मुळांना ते जवळजवळ नसतातच. त्याला हवा लागते, ओल लागते आणि साठलेलं पाणी अजिबात चालत नाही. आमच्या आंब्याचं सोटमूळ जांभ्यातल्या फटी धुंडत खाली जातं, उन्हाळाभर पाणी नाही दिलं तरी तग धरतं. त्याच्या आळ्यातला केर काढला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. इथं तो केर म्हणजेच झाडाचं ताट होतं. आम्ही ते रोज उचलून नेत होतो आणि वर पाणी ओतत होतो.

काळ्या मुळांचं कारण फायटोफ्थोरा सिनॅमोमी. ही पाणबुरशी. माती पाण्यानं तुडुंब झाली की तिचे बीजाणू अक्षरशः पोहत जाऊन कोवळ्या मुळांना चिकटतात. हिच्याच गोतातली आणखी एक आपल्या कोकणात पावसाळ्यात सुपारीवर उतरते. कोळेरोग म्हणतो आपण तिला. अण्णा मृगाआधी बोर्डोची फवारणी करायचे ती तिच्याच भीतीनं. आणि सिनॅमोमी हे नाव दालचिनीवरून पडलंय, कारण १९२२ मध्ये ही बुरशी पहिल्यांदा नोंदली गेली ती सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर. दालचिनी, तमालपत्र आणि अ‍ॅव्होकाडो ही एकाच कुळातली भावंडं. पूर्वी आई फुएर्तेचं पान चुरगाळून म्हणाली होती, "याला बडीशेपेचा वास कसा गं?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. मेक्सिकन वंशाच्या अ‍ॅव्होकाडोच्या पानाला तो वास असतोच. तिच्या नाकाला जे कळलं होतं, ते मला पुस्तकात वाचावं लागलं.

रिव्हरसाइडच्या विद्यापीठात जॉर्ज झेंटमायर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपली अख्खी कारकीर्द या एका मूळकुजीवर घालवली. मेक्सिको, ग्वातेमाला धुंडून रोगाला दाद न देणारे खुंट, म्हणजे ज्यांच्यावर कलम बांधायचं ती खालची मुळांची रोपं, शोधत राहिले. आज नवी बाग लावणारा माणूस वरची जात कुठली याच्याइतकंच खाली खुंट कुठला हे विचारतो, त्यामागे अशा लोकांचे कष्ट आहेत. पण आमच्यासारख्यांच्या उभ्या झाडाला नवा खुंट कुठून आणायचा? त्याला उपाय एकच होता, आणि तो म्हणजे आम्ही जे उचललं ते परत आणून टाकणं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. खरी बुरशी असते तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते. ही पाणबुरशी तशी नाही, हिची भिंत सेल्युलोजची. लाकूड आणि पानंही सेल्युलोजचीच. आता झाडाखाली लाकडाच्या ढलप्यांचा, पानांचा जाड थर घातला की ते कुजवणाऱ्या असंख्य बुरश्या तिथं वस्तीला येतात. त्या सेल्युलोज विरघळवणारा रस सोडतात. लाकूड खाता खाता तो रस शेजारच्या पाणबुरशीच्या भिंतीही खातो. म्हणजे पाचोळा हे नुसतं पांघरूण नाही, राखणदारही आहे. आम्ही झाडाचं ताट उचललं आणि दारावरचा पहारेकरीही हाकलून दिला.

हिरवळ मी उपटून काढली. फवारे बंद केले. झाडं तोडणाऱ्या एका माणसाला गाठलं, त्यानं लाकडाच्या ढलप्यांचा अख्खा ट्रक दारात आणून ओतला, फुकट. त्याला तरी ते कुठंतरी टाकायचेच होते. नवरा, मुलगी आणि मी, तिघांनी घमेल्यांनी ते झाडांखाली पसरलं. फांद्यांच्या घेरापर्यंत, वीतभर जाड, फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. साल ओल्यात राहिली तर तीही कुजते. पाणी द्यायचं तर बोटानं उकरून पाहून, माती सुकत आल्यावर, पण द्यायचं तेव्हा भरपूर आणि सावकाश. इथलं पाणी पुष्कळसं कोलोराडो नदीचं, खारट. थोडं थोडं दिलं की मीठ मुळांशी साठतं आणि पानांची टोकं करपतात. एकदाच खोल दिलं की मीठ खाली धुऊन जातं.

पश्चिमेकडचं हास आणि फुएर्ते सहा-आठ महिन्यांत सावरले. पूर्वेकडचं आधीच खंगलेलं होतं. ६ जुलै २०१८ च्या दिवशी इथं असं ऊन पडलं की शेजारच्या रामोना गावात पारा ४७ अंश सेल्सिअसवर गेला. दुपारी दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ. दोन दिवसांत त्या झाडाची राहिलेली पानं तांब्याच्या रंगाची झाली. झाडावर पान नाही म्हणजे फांद्यांवर सावली नाही, आणि अ‍ॅव्होकाडोची साल फार पातळ. ती भाजली, तडकली. आजोबांनी आणि मी पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगात निम्मं पाणी घालून तो फांद्यांना लावला. टेकड्यांवरच्या त्या पांढऱ्या खुंटांसारखंच आमचं झाड दिसायला लागलं. सप्टेंबरमध्ये ते तोडलं.

आईला मी कळवलं नाही. फोनवर ती दर वेळी विचारायची, "झाडं कशी आहेत?" मी म्हणायची, "छान आहेत." एकाच शब्दात उरकायची. ते अंगण तिनं इतक्या मायेनं झाडलं होतं की त्याचं फळ काय मिळालं हे सांगायला मला तोंड नव्हतं. शिवाय हिरवळ आणि पाणी माझं. खरं तर पाण्यानंच जास्त केलं. मधूनमधून हा हिशेब मी स्वतःशी मांडायची आणि अर्धवट सोडून द्यायची.

त्या हिवाळ्यात एकदा ला हाब्रा हाइट्सला गेले होते, आमच्यापासून गाडीनं दोनेक तासांवर. तिथल्या वेस्ट रोडवर जगातल्या सगळ्या हासचं मूळ झाड होतं. रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं १९२६ च्या सुमारास तिथं थोडी जमीन घेतली आणि बिया पेरून रोपं केली. त्यावर त्याला फुएर्तेची कलमं बांधायची होती. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. तो ते उपटणार होता. पण त्याची पाळी येण्याआधीच त्याला फळं लागली आणि घरच्यांना ती सगळ्यांत जास्त आवडली. १९३५ मध्ये त्यानं त्या झाडाचं पेटंट घेतलं. आज पृथ्वीच्या पाठीवर कुठंही खडबडीत काळ्या सालीचा तो अ‍ॅव्होकाडो दिसला की समजायचं, याच एका झाडाच्या काडीवरून काडी, काडीवरून काडी अशी ही वंशावळ आली आहे. ते मूळ झाड २००२ मध्ये गेलं. मूळकुजीनंच. कित्येक वर्षं जाणकारांनी त्याला जगवायचा प्रयत्न केला होता. मी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले तेव्हा मला जरा हलकं वाटलं. आणि आईला सांगायचं, हे तिथंच ठरलं.

२०१९ च्या मार्चमध्ये आई दुसऱ्यांदा आली. विमानतळावरून घरी येताना गाडीतच सगळं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि सरळ मागच्या दारी गेली. पूर्वेकडच्या खुंटावर हात ठेवून उभी राहिली. मग खाली बसून शेजारच्या झाडाखालच्या ढलप्या तिनं बाजूला केल्या. पांढरी मुळं तिला दिसली. बराच वेळ पाहत होती. "वर येतात ही?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हटलं. "मुलं येतात ना ताटाशी, तशी," ती म्हणाली आणि ढलप्या जशाच्या तशा सारख्या केल्या.

त्या मुक्कामात तिनं दाताळ्याला हात लावला नाही. मार्च-एप्रिल म्हणजे अ‍ॅव्होकाडोचा पानगळीचाही महिना. मोहोर आणि पानगळ एकदमच. जुनी पानं ढिगानं पडतात, झाड विरळ दिसतं आणि नव्या माणसाचा जीव धास्तावतो. पहिल्या वेळी ती नेमकी याच दिवसांत आली होती. आता सकाळी ती पायऱ्यांवर चहा घेऊन बसायची आणि पान पडलं की त्याच्याकडे नुसतं पाहायची. हात शिवशिवायचे तिचे, मला दिसायचं. एकदा न राहवून उठली, वाऱ्यानं वाटेवर उडालेली पानं गोळा केली आणि ती झाडाखाली नेऊन टाकली.

तिला उद्योग मिळाला तो मोहोराचा. अ‍ॅव्होकाडोचं फूल करंगळीच्या नखाएवढं, पोपटी-पिवळं, पाहून न पाहिल्यासारखं करावं असं. आईला एकदा वाटलं की सकाळी उघडलेली फुलं दुपारी मिटलेली असतात. खात्री करायला तिनं देव्हाऱ्यातला लाल दोरा आणला आणि हासच्या एका तुऱ्यावर सकाळी उघडलेल्या पाच फुलांच्या देठांना बांधला. दुपारी ती पाचही मिटलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही मिटलेलीच. दुपारी पाहिलं तर पुन्हा उघडलेली, पण निराळीच दिसणारी. पहिल्या दिवशी मधोमध एकच बारीक दांडी होती आणि पुंकेसर पाकळ्यांवर आडवे निजलेले होते. आता तेच उठून उभे राहिले होते, नऊच्या नऊ, टोकाशी पिवळे परागकण घेऊन. संध्याकाळी ते फूल मिटलं ते कायमचं.

मी वाचलं होतं, तिनं पाहिलं. प्रत्येक फूल दोनदाच उघडतं. पहिल्यांदा मादी म्हणून, दुसऱ्यांदा नर म्हणून. हासचं फूल सकाळी मादी असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. फुएर्तेचं बरोबर उलटं, दुपारी मादी आणि पुढच्या सकाळी नर. म्हणून दोन्ही जाती शेजारी असल्या की सकाळी फुएर्तेचे पराग हासला, दुपारी हासचे फुएर्तेला. मधे ये-जा करायला मधमाश्या. गारठा पडला की हे घड्याळ मागेपुढे होतं. आईनं मग फुएर्तेच्या तुऱ्यावरही दोरा बांधला, दुपारचा. दिनदर्शिकेच्या पाठच्या कोऱ्या जागेत ती टिपणं ठेवायची: "हास, स. ९, उघडं. फु., स. ९, पिवळं उभं." दोन आठवडे. कुणीतरी मला पूर्वी सांगितलं होतं की फुएर्ते काढून टाक, त्याची साल पातळ असते, बाजारात विचारत नाहीत. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे घरातला एक माणूस काढून टाकायचा?"

त्या फुएर्तेचंही एक पुराण आहे. १९११ मध्ये कार्ल श्मिट नावाचा तरुण मेक्सिकोत चांगल्या अ‍ॅव्होकाडोच्या काड्या शोधत हिंडत होता. आत्लिस्को गावच्या एका झाडाच्या काड्या त्यानं कॅलिफोर्नियाला धाडल्या. १९१३ च्या जानेवारीत इथं भयंकर गारठा पडला, रोपं गोठून काळी पडली, पण त्या एका झाडाची कलमं टिकली. म्हणून नाव पडलं फुएर्ते, स्पॅनिशमध्ये बळकट.

लाखो फुलं येतात मोठ्या झाडाला, आणि फळं धरतात ती शे-दोनशे. शेकडा एकही नाही. खाली फुलांचा सडा पडायचा, मग वाटाण्याएवढ्या फळांचा. आईला त्याचं वाईट वाटायचं नाही, आंब्याच्या घरची ती, मोहोर किती आणि फळ किती हे तिला ठाऊक. हे झाडही हापूससारखंच वर्षाआड फळतं हे ऐकल्यावर तर तिची त्याच्याशी सोयरीकच जुळली.

अडलं ते पाडावर. आंब्याला पाड लागला की उतरवायचा, झाडच सांगतं. हे फळ झाडावर पिकतच नाही. महिनोन्महिने लटकत राहतं, आतलं तेल वाढत जातं, पण दगडासारखं कडक ते कडक. खुडल्यानंतरच मऊ व्हायला लागतं. कॅलिफोर्नियात हास विकायचा तर त्यातला पाणी वगळून उरणारा ऐवज २०.८ टक्के तरी असावा लागतो, त्याशिवाय बाजारात नेता येत नाही. घरच्या झाडाला आम्ही ते कुठून मोजणार! एक फळ देठ ठेवून कापायचं, ओट्यावर ठेवायचं, आठ-दहा दिवसांत सुरकुत्या न पडता मऊ झालं तर बाकीची काढायला हरकत नाही. आई म्हणाली, "मग अढी घालूया." इथं भाताचा पेंढा कुठला? तिनं तांदळाच्या रिकाम्या गोणीत वर्तमानपत्राचे थर दिले, मधे मधे दोन पिकली केळी ठेवली, आणि गोणी जिन्याखाली सरकवली. चौथ्या दिवशी देठाशी अंगठ्यानं दाबून तिनं पहिलं फळ काढलं. सुरीनं दोन भाग केले, बाठा अलगद सुटला. आतला गर बाहेरून हिरवा, मधे लोण्यासारखा पिवळा. तिनं त्यात हिरवी मिरची, मीठ, लिंबू, बारीक चिरलेला कांदा आणि मूठभर दाण्याचं कूट घातलं. एक वाटी आमच्यासाठी आणि एक कुंपणापलीकडे.

आजोबा आणि आई यांचं बोलणं हा एक सोहळाच असायचा. दोघांची एकही भाषा सारखी नाही. कुंपणाशी उभे राहून ते बोट दाखवायचे, ती मान हलवायची. एकदा त्यांनी पुन्हा तोच अभिनय केला, खांद्यावरून ओढून लपेटण्याचा, आणि म्हणाले, "कोबीहा." आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गोधडी." त्यांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवला. गोदरी, गोद्दी. त्यांना काही तो नीट म्हणता आला नाही, पण पुढं झाडांचा विषय निघाला की ते माझ्याशीही तोच शब्द वापरायला लागले.

चिपळूणला परत गेल्यावर आईनं दादाच्या मागे लकडा लावला. त्यानं २०२१ च्या मे महिन्यात एक कलम आणून परसात लावलं, खड्डा काढून, आंब्यासारखंच. जुलैत चार दिवस पाणी हटलं नाही आणि रोप गेलं. मी फोनवर सांगत राहिले, खड्डा नको, उंचवटा कर, हात-दीड हात उंच, पाणी चहूकडून निघून जाऊ दे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, अ‍ॅव्होकाडोची सगळी परीक्षा तिथंच. आपल्या देशात ही झाडं चांगली आहेत ती कोडगू, वायनाड, पळणीच्या डोंगरात, जिथं उतार आहे आणि वरून झाडांची सावली आहे. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रानं अर्का सुप्रीम नावाची जात काढली आहे. दुसऱ्या वर्षी दादानं त्याच जातीचं कलम मिळवलं आणि घराच्या वरच्या अंगाला जांभ्याचे चिरे रचून, उंचवटा करून लावलं. शेळ्यांपासून जपायला काटेरी कूड घातलं. याची पानं शेळ्यांना बाधतात, हेही मला त्याला बजावून सांगावं लागलं.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. गुडघे दुखतात, खराटा आता कामाला येणाऱ्या बाईंच्या हातात असतो. परवा व्हिडिओ कॉलवर ती फोन हातात धरून मागच्या दारी चालत होती. चित्र हलत होतं, कधी आभाळ, कधी तिची पावलं. सगळं परस झाडून सारवलेलं, अगदी पूर्वीसारखं, आणि वरच्या अंगाला त्या एका उंचवट्यावर मात्र फणसाच्या, आंब्याच्या पानांचा हातभर ढीग. "बाईंना सांगितलंय," ती म्हणाली, "सगळीकडचा केर काढून इथं आणून टाकायचा." रोप तिच्या खांद्याला लागलंय. अजून मोहोर नाही. तिनं फोन चिऱ्यावर टेकवला, मला फक्त तिचे हात दिसत होते. कष्टानं वाकली असणार, श्वास ऐकू येत होता. एक-एक पान उचलून बाजूला ठेवत ती खाली गेली, वरची कोरडी, मग ओली, मग जाळीदार, आणि मग बोट धरून ठेवलं.

"दिसतंय का गं तुला?"

कॅमेरा नीट धरलेला नव्हता, उजेडही कमी होता. मी "दिसतंय" म्हटलं आणि ती पानं पुन्हा जागच्या जागी ठेवायला लागली.